कांजण्या आणि माझी किडनी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही धुळ्यात राहायचो. धाकट्या भावाला मी किडनी द्यायची ठरली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "लहानपणी याला कांजण्या आल्या होत्या का?"

आई म्हणाली, "दोन्ही पोरेस्ले माता निघनी व्हती." त्यांनी तसं लिहून घेतलं.

कांजण्या आल्या होत्या मला एकटीला. भाऊ तेव्हा पाळण्यात, त्याच्या अंगावर एक दाणा नव्हता. पण आमच्यात माता एका पोराला निघत नाही, ती घरात येते. म्हणून आईने दोघांना कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य दोघांच्या नावाने दाखवला. तिच्या लेखी त्यालाही येऊन गेल्या. मला सगळं आठवत होतं. पण एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांपुढे आईला खोटं कशाला पाडायचं, म्हणून मी गप्प बसले. नको तिथे शहाणपण सुचलं.

ऑपरेशननंतरचे तीन महिने बरे गेले. गोळ्यांनी भावाचं तोंड सुजलं होतं, तरी मला चिडवायचा, "अक्का, तुनी किडनी तुनापेक्षा कामसू शे."

मग फैजपूरची मामी त्याला बघायला आली. आजाऱ्याला बघायला आलेल्यांना दारातून परत लावायची आमच्यात रीत नाही. तिच्या कडेवरच्या पोरीच्या पाठीवर दोन-चार पाणीदार पुळ्या होत्या. मी म्हटलं, हिला लांब ठेवा. मामीचं तोंड उतरलं. आई म्हणाली, "त्याले एकदाव निघी जायेल शे. आते काय व्हस?" भावाने पोरीला मांडीवर घेतलं, आणि मी पुन्हा गप्प.

दोन आठवड्यांनी त्याचं अंग फोडांनी भरलं. फुप्फुसंही धरली. मुंबईला ऑपरेशनआधीचं राखून ठेवलेलं रक्त तपासलं तेव्हा कळलं, त्यात कांजण्यांच्या अँटिबॉडी नव्हत्याच. ज्या गोळ्यांच्या जोरावर त्याचं शरीर माझी परकी किडनी सहन करत होतं, त्याच आता जीव वाचवायला थांबवाव्या लागल्या. कांजण्या सुकल्या, पण तोवर शरीराने किडनी नाकारली होती. पुढे काही महिने डायलिसिसवर काढून तो गेला.

सुतकातच आईने विचारलं, "डॉक्टर काय म्हने? किडनी काबर नई टिकनी?"

मला तिचा राग होता, माझा त्याहून जास्त.

"मनी किडनीच कच्ची व्हती, माय."

तिला ते पटलं. दारावर येणाऱ्या प्रत्येक बाईला ती तेच सांगायची, मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी असताना.