चिंचोक्यावरचं पाखरू

आज नालवाडीच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात तारा जोडायच्या सोल्डरच्या धुराचा वास आला आणि ताईची खोली आठवली.

सेलवर चालणाऱ्या मोडक्या रेडिओतून ताई वाद्य बनवत होती, पण महिनाभर ते नुसतं घरघरत होतं. एके दिवशी शेजारी मी चिंचोक्यावर नीळकंठ रंगवत होतो, फक्त चोच राहिली होती. तेवढ्यात माझा ओला कुंचला चुकून तिच्या उघड्या तारांना लागला आणि रेडिओचा डबा चक्क किलबिलला! मी घाबरून हात मागे घेणार, तोच ताई कुजबुजली, "हात नको काढू रे! तुह्यं पाखरू बोलून राह्यलं."

कुंचला सरकवला की सूर चढायचा. आम्ही ऐकत राहिलो.

ओल्या कुंचल्यातून वीज गेली, हे आता कळतं. पण त्या दिवसापासून मी एकाही पाखराची चोच मिटलेली काढली नाही.