पॉसमच्या घरात दिवाळीची साफसफाई

ख्राइस्टचर्चबाहेरच्या एका संशोधन केंद्रात मी पॉसम सांभाळायचे. मांजराएवढा, केसाळ, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा हा प्राणी. जंगलं आणि पक्ष्यांची अंडी फस्त करतो म्हणून अख्खा देश त्याला मारायला टपलेला, आणि आम्ही त्याचीच वीण वाढवायचो. कशासाठी, तर ती थांबवायची कशी हे शोधायला. यावरूनच आमच्या शहाणपणाची कल्पना यावी.

त्यात नवे साहेब आले. पुण्याचे, कॉम्प्युटरवाले. प्राण्यांशी संबंध इतकाच, की लहानपणी सोसायटीतलं कुत्रं चावलं होतं. पण तोरा असा, की पॉसमनेही त्यांना विचारूनच व्यावं. नाकाला रुमाल लावून त्यांनी पिंजरे आणि आतली झोपायची लाकडी खोकी पाहिली.

"अगं, काय हा वास! दिवाळीला घर धुतो ना, तशी ही खोकी धुऊन काढ. शुक्रवारी व्हिजिटर्स येणारेत."

"सर, खोक्याला मादीचा स्वतःचा वास लागतो. तो गेला की ती बिथरते. सात नंबरच्या मादीला दोन वर्षांनी पिल्लू झालंय."

"मग पिल्लाला क्लीन घर नको? धू बिनधास्त. स्वीट ॲज!"

हे 'स्वीट ॲज', म्हणजे इथल्या लोकांचं 'झकास', ते कशालाही चिकटवत. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ते पिल्लू जन्मलं तेव्हा राजम्याच्या दाण्याएवढं होतं. दर सोमवारी पिशवी हळूच उघडून मी त्याच्या डोक्याची लांबी मोजायचे. आता ते आचळ सोडायला लागलं होतं, अंगावर मऊ लव आली होती. त्याच्यावर माझा जीव जडला होता.

पण माझ्या व्हिसासाठी साहेबांचं पत्र हवं होतं. गुरुवारी मी मुकाट्याने खोकी धुतली. साहेबांनी स्वतः आणलेल्या, लिंबाच्या वासाच्या साबणाने.

सात नंबरची मादी खोक्यात शिरलीच नाही. पिंजऱ्यात नुसती गरागरा फिरत राहिली. शुक्रवारी सकाळी पिल्लू पिशवीबाहेर, जमिनीवर पडलेलं होतं. हातात घेतलं तर गार.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. व्हिजिटर्स यायला अर्धा तास होता.

"चक्, बॅड लक. फॉर्ममध्ये कारण टाक, आईचं दुर्लक्ष. कॅप्टिव्हिटीत हे हीप्स होतं, नेहमीचंच आहे, मी वाचलंय."

कुठे वाचलं, देव जाणे. त्या माणसाला खरोखरच काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. तरी मी 'आईचं दुर्लक्ष' असंच लिहिलं आणि खाली सही केली.