लिहिलेलं नसायचं ते सांगणारी काकू

‘तुझी काकू गेली. ये.’ इंग्रजी अक्षरांत लिहिलेला तात्यांचा एवढाच मेसेज आला तेव्हा मी पुण्यात भाजी घेत होते. मी लगेच फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, आणि मग लक्षात आलं की ती त्यांना ऐकूच येणार नाही. तात्या म्हणजे माझे चुलते. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला मोठा ताप आला आणि त्यांचे दोन्ही कान गेले. बोलता येत होतं, ऐकता काहीच येत नव्हतं. त्यानंतर वीसेक वर्षं, घरात मोबाइल येईपर्यंत, जग त्यांच्याशी जे काही बोललं ते गयाकाकूच्या ओठांतून आणि हातांतून बोललं. काकूला जाऊन आता सहा-सात आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायला बसले, की अजूनही थक्क व्हायला होतं.

आमच्या खेड्यात हायस्कूल नव्हतं, म्हणून मी मंठ्याला काकूकडे राहून शिकले. काकूला अक्षरओळख नव्हती. पण तिनं तात्यांसाठी एक अख्खी भाषाच तयार केली होती. तात्यांचे मोठे भाऊ म्हणजे थोरले दादा, त्यांच्यासाठी मिशीला पीळ, माझ्यासाठी वेणी, जालन्यासाठी एसटीचं स्टिअरिंग. भाकरी थापता थापता ती समोरच्याचं बोलणं ऐकायची आणि पिठाच्या हातांनी तात्यांना सांगायची. तिकडे तात्या हसायचे, चिडायचे, उत्तर द्यायचे. पाहुण्यांना वाटायचं, या माणसाला ऐकू येतंय.

एकदा थोरले दादा अंगणात येऊन ओरडायला लागले. दोघा भावांची विहीर एक, मोटार एक, आणि पाण्याच्या पाळीवरून नेहमीची कुरबुर. “बहिऱ्याला काय कळतं शेतीतलं? माझ्या जिवावर जगून राह्यलाय हा!” माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. तात्यांनी काकूकडे पाहिलं. “काय म्हन्तो दादा?” काकूचा चेहरा जराही हलला नाही. तिनं शांतपणे हातांनी सांगितलं, पाणी कमी पडून राह्यलंय, मोटार पाहून घ्या म्हणतात. तात्या हसले. “बराबर बोलला. आन् उन्हातून आल्ता बघ, तोंड लाल झालंय. च्या टाक.” दादांनी एकदा काकूकडे, एकदा तात्यांकडे पाहिलं. मग ते खाली बसले… आणि चहा प्यायले. ते गेल्यावर मी विचारलं, “काकू, खोटं का सांगितलंस?” ती म्हणाली, “खोटं कुठं? पाण्यासाठीच आल्ते ना ते? मंग पाण्याचं तेवढं सांगितलं.”

पुढे माझं लग्न झालं, काकूचा मुलगा संतोष पुण्यात कारखान्याला लागला आणि एका दिवाळीत त्यानं तात्यांना मोबाइल आणून दिला. तात्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले. बोटं चाचपडत ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकले, आणि आमचं घर एकदम बोलकं झालं. मी त्यांना रोज काहीबाही लिहायची. तात्या इतके खट्याळ आहेत हे मला त्या मेसेजांतून पहिल्यांदा कळलं. मात्र मंठ्याला गेले की वेगळं दिसायचं. तात्या पडद्याकडे पाहून एकटेच हसायचे. काकू हातानं विचारायची, काय लिव्हलंय? तात्या म्हणायचे, “काई न्हाई, असंच.” एका सुट्टीत काकू मला म्हणाली, “चला, मला आता बिलकुल सुट्टी झाली.” हसतच म्हणाली. पण तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. तिचे हात असे कधी मी पाहिले नव्हते.

त्याच सुट्टीत ते घडलं. कापूस, मोटार, शेजारची म्हैस, सगळं काही तात्या संतोषला दिवसभर लिहायचे. एका दुपारी त्याचं उत्तर आलं, ‘सारखे मेसेज करू नका. कामात आहे.’ तात्यांनी ताट सरकवलं, फोन कोनाड्यात ठेवला आणि म्हणाले, “पोराला मी नको झालो.” संध्याकाळचा चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. शेवटी काकूनं फोन त्यांच्या हातात दिला आणि वाचून दाखवायला लावलं. एकदा, परत एकदा. मग तिचे हात हलायला लागले. दुपारची पाळी आहे. जेवला नसंल. लिव्हताना साहेब डोक्यावर उभा आसंल.

“हे कुठं लिव्हलंय यात?” तात्या चिडून म्हणाले.

“लिव्हलेलं न्हाई, म्हनून तर सांगून राह्यले.”

तात्यांनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, “इतके वर्सं लोकांचं समदं मला बराबर सांगितलंस का तू?” काकूनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हवेतलं सूप मांडीवर घेतलं, त्यातले खडे एकेक करून वेचले आणि खांद्यावरून मागे टाकत राहिली. तात्यांचे डोळे भरून आले, आणि ते हसायलाही लागले. मी दाराशी उभी होते. वाटलं, आपण एका फार मोठ्या माणसाच्या घरात उभे आहोत.

मग तिनं मला संतोषला फोन लावायला सांगितलं. “जेवलास का रे?” एवढंच विचारलं. पलीकडे तो रडायलाच लागला. कारखान्यातून माणसं कमी करत होते, त्याचं नाव यादीत असेल अशी त्याला धास्ती होती. घरी कसं सांगावं कळत नव्हतं. पुढच्याच रविवारी तो आला. नोकरी तेव्हा टिकली, पण ते महिने त्यानं आई-बापाला सगळं सांगत काढले.

तेव्हापासून कोणाचाही मेसेज आला, की तात्या तो काकूला मोठ्यानं वाचून दाखवायचे, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. काकू ऐकायची आणि त्यात नसलेलं हातांनी सांगायची. ही रागावलेली न्हाई, घाईत आहे. ह्याला यायचंय, पन कुनी बोलवावं म्हनतोय. मी लिहिलेल्या कोरड्या दोन ओळींतून माझं दुखणं तिनं कितीदा ओळखलं! सहा-सात आठवड्यांपूर्वी एका सकाळी चहा गाळताना तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

परवा मी मंठ्याला होते. संतोष आदल्या रात्रीच्या गाडीनं पुण्याला परतला होता. सकाळी त्याचा मेसेज आला. तात्यांनी चष्मा लावला, चुलीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं वाचलं, “पोचलो. ठीक आहे.” मग सवयीनं तिकडे बघत थांबले. तिथे कोणी नव्हतं. मी उठणार होते, तेवढ्यात ते स्वतःशीच हळू आवाजात म्हणाले, “ठीक न्हाई. आईची आठवन येऊन राह्यली त्याला.” आणि बटणं दाबत त्याला उत्तर लिहायला लागले.