कमरेच्या हाडातला कारखाना

सर्व नातलग, शेजारी आणि राजवाड्यामागच्या गल्लीतला कॉफीवाला यांना कळवण्यात येते की, माझ्या कमरेच्या हाडात एक कारखाना आहे आणि तो पन्नास वर्षांत एक दिवसही बंद पडलेला नाही. टाळ्या वाजवायला हरकत नाही.

हाडातल्या मगजात रक्ताच्या सगळ्या पेशी तयार होतात. तांबड्या पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात, चारेक महिने राबतात आणि मरतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. प्लेटलेट जखमेला बूच लावतात. त्यांचं आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवस. हे मला शिकवलं थोरल्या भावाने, इस्पितळाच्या खाटेवरून. त्याचा कारखाना बंद पडला होता. अंगभर जांभळे डाग. “वांगी लागलीत बघ, तंबी,” म्हणायचा. तमिळमध्ये कुणाही धाकट्याला तंबी म्हणतात, त्यामुळे कुणाचा शब्द मोडत नव्हता.

शब्द आईचा होता. मी दोन वर्षांचा असताना मला पापनाशमच्या निपुत्रिक काका-काकूंना दत्तक दिलं. याला पुन्हा माझा म्हणणार नाही, असं तिने जावेला सांगितलं आणि पाळलं. मीही तिला मोठी काकूच म्हणत आलो.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, “याला सख्खं भावंड?”

“नाही. मला एकच मुलगा.”

भावाने मान डोलावली. मी शेजारीच, इडलीचा डबा धरून उभा. एरवी घरात कुणाला बोलू न देणारा मी, गप्प. वाटलं, फॉर्मवरचा एक रकाना, दुसरं काय!

दोन महिने रक्ताच्या पिशव्यांवर गेले. औषधं लागू पडेनात. मग डॉक्टर हळहळले, “सख्खा भाऊ असता तर त्याचा मगज देऊन पाहिला असता.”

“मीच तो,” मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा.

तपासणी झाली. तंतोतंत जुळलं! मी खाटेभोवती नाचलो, नर्सबाई रागावल्या. डॉक्टर मात्र हसले नाहीत. भावाच्या रक्तात पांढऱ्या पेशी नव्हत्याच, त्यामुळे बुरशी फुप्फुसांत पसरली होती. आता त्याला माझा मगज घेणं सोसणार नव्हतं. “सुरुवातीलाच कळलं असतं तर...” म्हणत त्यांनी फाइल मिटली.

बाहेर मोठी काकू नर्सबाईंना विचारत होती, रिपोर्ट आला का. भाऊ धडपडत उठून बसला, माझा शर्ट धरला आणि दबक्या आवाजात खेकसला, “अरे, जुळलं नाही म्हणून सांग आईला!”