हुंकार द्यायला कोण आहे?

"बाई, तुम्ही तिकडच्याच ना? मग चला की माझ्यासोबत!" मंजुळा फोनवर म्हणाली आणि माझी तिकडे परत जायची इतक्या वर्षांची टाळाटाळ एका वाक्यात संपली.

मंजुळा जव्हारजवळच्या आश्रमशाळेतली माझी जुनी विद्यार्थिनी. वारली पोर, आता कॉलेजात आहे आणि आपल्या बोलीतल्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकते. त्या ऐकून तिला थेट अमिरातीतून, रस अल खैमाच्या डोंगरातून बोलावणं आलं. देशोदेशीच्या आदिवासी समाजांतली तरुण मुलं तिथे बोलणार होती. मी 'तिकडची' अशासाठी, की माझे बाबा मुसफ्फाच्या, म्हणजे अबुधाबीच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते आणि सातवीपर्यंत मी अबुधाबीत वाढले. वर्गात पोरं पेंगायला लागली की मी वाळवंटाच्या गोष्टी सांगायचे. त्या अशा अंगाशी आल्या.

मंजुळाचा व्हिसा आयोजकांनी केला, माझा मी टुरिस्ट काढला. तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. दुपारीही हिंडता येतं. मुंबईहून शारजाचं विमान बहुतेक वेळा दुबईपेक्षा स्वस्त पडतं. विमानतळावर चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, गाडी घेऊन उभा होता. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या त्याच्या फ्लॅटखाली एक टपरीवजा कॅफेटेरिया आहे. तिथल्या कडक चहाचा वेलदोड्याचा वास नाकात गेला आणि मला एकदम बाबांचा शुक्रवारचा, तेव्हाच्या सुट्टीच्या दिवसाचा, धुतलेला शर्ट आठवला. तो चहा मी उभ्याउभ्या दोनदा प्यायले. डोळे भरलेले पाहून दादाने कागदी रुमाल पुढे केला, शहाणा आहे.

दादाच्या घरी मंजुळाने भाषणाची तालीम सुरू केली. मेळाव्याची व्यवस्था बघणाऱ्या मुलीने इंग्रजी भाषण लिहूनच पाठवलं होतं. सुरुवात अशी, की आम्ही आवाज नसलेले लोक आहोत. मंजुळाने मान वर केली.

"बाई, मला आवाज नाही? वर्गात तुम्हीच म्हणायच्या ना, मंजुळा, तोंड बंद!"

मी हसले. ती हसली नाही. "मामा येणाराय ऐकायला. त्याला इंग्रजी कुठे येतं?"

लखमा मामा, तिच्या आईचा भाऊ, मुसफ्फातच वेल्डर आहे. मंजुळा शाळेत होती तेव्हा गेला, त्यानंतर दोघांची भेट फक्त फोनच्या पडद्यावर. घरी तिच्या गोष्टींना हुंकार द्यायचं काम त्याचं. वारली पाड्यावर गोष्ट कुणी गुपचूप ऐकत नाही. प्रत्येक वाक्यामागे एकाने 'हूं' म्हणायचं. हूं आला नाही तर सांगणारा थांबतो. ऐकणारं कुणी नसेल तर गोष्ट कुणाला सांगायची? नवी नवी शिक्षिका होते तेव्हा हे हूंहूं ऐकून मी पोरांवर खेकसायचे. मग पोरांनीच मला शिकवलं, आणि बोलीही तेव्हाच शिकवली.

दादाची मुलगी रिया सोफ्यावर बसून ऐकत होती. मराठी तिला कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "Then why can't she just tell the story?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी युनियनच्या बसस्थानकातून रस अल खैमाची बस पकडली. "सत्तावीस दिऱ्हम, म्हणजे साडेसहाशे रुपये धर," दादा सोडायला आला तेव्हा म्हणाला. "आणि बसायला मिळतं, हे वेगळं!" भाडं निघण्याआधी एकदा तपासून घ्या. शारजा-अजमानच्या इमारती मागे पडल्या, वाळू लाल झाली आणि पुढे उजव्या हाताला हजरचे डोंगर दिसू लागले. हिरव्याचा ठिपका नाही, नुसते तपकिरी कडे. बाबा आम्हाला इथे सहलीला आणायचे, डब्यात आईचा चिवडा. अजून फोटो आहेत: आम्ही पुढे, डोंगर मागे. तिथे माणसं राहतात हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

राहतात ना! संध्याकाळी त्यांच्याच मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, आम्ही गालिच्यावर बसलो होतो. सालिम हा तिथला तरुण, तोही दुसऱ्या दिवशी बोलणार होता. त्याचे आजोबा लहानशा पेल्यांत कॉफी ओतत होते. मंजुळा पेला रिकामा करून नम्रपणे पुढे धरायची, आजोबा पुन्हा भरायचे. बिचारीची पाचवी कॉफी झाल्यावर सालिमने हळूच दाखवलं, की पेला जरासा हलवायचा, म्हणजे बस्स. आजोबा पोट धरून हसले. "हम समझा, लडकी को बहुत पसंद है!" त्यांची हिंदी झकास होती, तरुणपणी मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर काम केलेलं.

त्यांनी डोंगरातल्या जुन्या दगडी घरांबद्दल सांगितलं. धान्याचा रांजण दारापेक्षा मोठा, कारण तो आधी ठेवायचा आणि मग भोवती घर बांधायचं. मंजुळाने लगेच आपल्या घरातली कणगी हातांनी हवेत काढून दाखवली. त्यांची डोंगरातली बोली दुबईच्या अरबांनाही धड कळत नाही म्हणे.

"मग उद्या कोणत्या भाषेत बोलणार?" मंजुळाने मला सालिमला विचारायला लावलं.

"माझ्याच," तो म्हणाला. "माझा चुलतभाऊ इंग्रजीत सांगेल. तुझ्यासाठी सांगणारं कुणी नाही?"

मंजुळाने माझ्याकडे पाहिलं. शाळेत प्रश्न विचारल्यावर मी तिच्याकडे असंच बघायचे.

सकाळी व्यवस्था बघणारी मुलगी कुरकुरली. वेळ कमी, ठरलेलं भाषण छापून झालंय, दुभाष्यांच्या यादीत वारली नाही. "मी आहे," असं म्हणून मी मोकळी झाले.

रविवार होता, म्हणून मामाला सुट्टी. चौघांनी पेट्रोल वाटून घेत गाडी केली होती. इस्त्रीचे शर्ट घातलेले ते चौघे अगदी मागच्या रांगेत, खुर्चीच्या कडेला टेकून बसले. मंजुळाने लांबूनच हात केला. मामाने डोळे पुसून तिला अंगठा दाखवला.

नॉर्वेच्या उत्तर टोकाची एक सामी मुलगी बोलली, सालिम बोलला. मग मंजुळा. तिने छापलेला कागद दुमडून माझ्या हातात दिला आणि वारलीत पहिलं वाक्य म्हटलं. इथे मराठीतच लिहिते. माझी वारली ऐकून पाड्यावरची पोरं अजून हसतात.

"एकदा कणसरी रुसली आणि डोंगर उतरून निघाली." कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. मी इंग्रजीत सांगितलं.

मंजुळा थांबली. सगळं सभागृह शिस्तीत गप्प. ती तशीच उभी, समोर बघत. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. व्यवस्थेवाली मुलगी मला खुणावू लागली, की ती विसरली, कागद दे तिला. पोर विसरली नव्हती. तिला हुंकार हवा होता. पण त्या परदेशी गार हवेत, इतक्या माणसांत, ती एकटी पडली होती. मी माईक बाजूला धरून स्वतःच हूं म्हणायला निघाले.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"हूं!"

लखमा मामा उठून उभा राहिला होता. मंजुळाचा चेहरा उजळला. दुसरं वाक्य, दुसरा हूं. मग मामाच्या सोबत्यांचाही. चौथ्या-पाचव्या वाक्याला दुसऱ्या रांगेतून सालिमच्या आजोबांचा खर्जातला आवाज मिसळला, "ई, बिंती." हो, पोरी. सामी मुलीने आधी चाचरत, मग खणखणीत हूं दिला, आणि गोष्टीच्या शेवटाला अख्खं सभागृह हुंकार देत होतं.

"लोकांनी तिला नाना परींनी बोलावलं, पण ती वळली नाही," मंजुळा म्हणाली. "मग एकाने घरच्या बोलीत हाक मारली, तेव्हा आली. आम्हाला आवाज आहे. तुम्ही हूं म्हणा, आम्ही सांगतो."

नंतर मामा-भाची बाहेरच्या पायरीवर बसून घरून आणलेल्या नागलीच्या पापडांचा फडशा पाडत होती. मामाला संध्याकाळी कामगारांच्या कॅम्पवर परतायचं होतं. "यल्ला, निघतो," असं तो तीनदा म्हणाला आणि तिन्ही वेळा पुन्हा बसला. मी डोंगराचा फोटो काढला. या वेळी डोंगरापुढे सालिम आणि त्याचे आजोबा उभे होते.

घरी येऊन आता महिना होत आला. खजूर संपले, कॉफीची पुडी अजून आहे, पण तो वास इथल्या हवेत तसा येत नाही. अबुधाबीतलं माझं बालपण शोधायला गेले होते. बाबांचं वर्कशॉप बघायला वेळच झाला नाही. आश्चर्य म्हणजे त्याची रुखरुख नाही, कारण तिथल्या एका वेल्डरचा आवाज मी घेऊन आले.

परवा संध्याकाळी मंजुळाच्या पाड्यावर गेले होते. अंगणात पोरं जमली होती, कणगीला टेकवून मोबाइल उभा केलेला आणि पडद्यावर कॅम्पच्या खाटेवर बसलेला मामा. मंजुळाने पहिलं वाक्य सांगितलं. नेटवर्क रखडलं, मामाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. तोंडावर आलेला हूं पोरांनी गिळला; हा मान मामाचा होता. मंजुळा थांबली, आम्ही सगळेच थांबलो. कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

मग मुसफ्फाहून आला, "हूं."

मंजुळा पुढे सांगू लागली.