यल्लय्याचा कंदील

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाऊस नव्हता. पाणीवाटपाच्या बंदोबस्तासाठी आमची सेक्शन उदगीर भागातल्या एका गावी पाठवली गेली. टँकरचं पाणी जुन्या खोल विहिरीत ओतून घ्यायचं आणि रांगेत भांडणं होऊ द्यायची नाहीत, एवढंच काम.

मी कंधार तालुक्यातला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. तत्त्वज्ञान विषय घेतला आणि मधेच फौजेत भरती झालो. सेक्शन कमांडर नाईक शिवलिंग बिराजदार मला प्रोफेसर म्हणत. एका संध्याकाळी मी त्यांना वेदान्तातलं दोरीचं उदाहरण सांगितलं. अंधारात दोरी साप वाटते. दिवा आणला की साप जातो.

"म्हंजे दिवा घिऊन जवळ जायचं. एवढ्यासाठी फी भरलास व्हय रे, प्रोफेसर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला वास आला. पहाटे विहिरीत कंदील सोडताना यल्लय्या दिसला होता. तो बिलोलीकडचा, विहिरी खोदणारा. तेलुगूशिवाय त्याला काही येत नव्हतं. लोकांनी त्याला कडुलिंबाला बांधलं.

"इख कालवलं ह्यानं," गावचे पाटील म्हणाले.

"कालवताना बघितलं कुणी?" नाईकांनी विचारलं.

"कंदील घिऊन वाकला होता की! आनी काय बघायचं?"

काठ्या पुढं सरकल्या. यल्लय्या विहिरीकडं मान करून ओरडत होता, "दीपम! दीपम!"

"कंदील मागायलाय लेकाचा," कुणीतरी हसलं.

संशय मलाही होता. सरळ माणसाचं पहाटे विहिरीवर काय काम, असं मला वाटलं.

नाईकांनी मला यल्लय्यासमोर उभं केलं. "मी वर येईस्तोवर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. ऑर्डर हाय." कमरेला दोर बांधून, हातात बॅटरी घेऊन ते उतरले.

खालून आवाज आला, "कुत्रं मेलंय! इख-बिख काय न्हाई. सोडा त्याला!"

त्यानंतर हाकेला उत्तर नाही. दोर ओढला, तो कपारीत अडकला. मी वायरलेसवर गेलो.

"अल्फा, हे ब्राव्हो. नाईक बिराजदार विहिरीत. उत्तर देत नाहीत. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

दुसरा जवान उतरायला निघाला. यल्लय्या जीव तोडून ओरडला. सोडायची ऑर्डर झालीच होती. मी गाठ सोडली. त्यानं धावत जाऊन त्या जवानाला मागं ढकललं, कंदील पेटवला आणि दोरीनं खाली सोडला. वारा नव्हता. निम्म्यावर ज्योत विझली.

खाली हवा खराब होती. पहाटे उतरण्याआधी तो कंदिलानं तेच पाहत होता.

खालची हवा हलावी म्हणून त्यानं कडुलिंबाचा फाटा दोरीला बांधून बराच वेळ खालीवर केला. पुन्हा सोडलेला कंदील तेवत राहिला तेव्हाच उतरला आणि नाईकांना वर आणलं. श्वास नव्हता. पाटलांनी टोपी काढली.

पेन्शनीवर आल्यावर मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. परीक्षेत दोरी-सापाचा प्रश्न आला. दिवा आणावा, इथवर लिहिलं. पुढं काय लिहावं सुचेना, म्हणून दिवा घेऊन जवळ गेलेल्या माणसाचं नाव लिहिलं. नाईक शिवलिंग बिराजदार. शेवटचा मुक्काम, उदगीर भाग.