एका मांडवात लग्न आणि बक्षीस समारंभ

पाचगणीत एका कंपनीच्या संमेलनाची तयारी पाहताना ओल्या झेंडूचा वास आला आणि मला कुपवाडचं ते जुनं मंगल कार्यालय आठवलं. इव्हेंट मॅनेजर म्हणून माझं ते पहिलंच लग्न. आम्ही सकाळी हार बांधत होतो, तेवढ्यात एका कारखान्याचे कामगार बायकामुलांसह बक्षीस समारंभासाठी आले. कार्यालयाच्या मालकाने एकच दिवस दोघांनाही दिला होता.

नवरीचे वडील हबकलेच. "आवं ताई, वऱ्हाड वाटेत हाय. आता कुठं जायचं?"

मी सरळ कामगारांपुढे उभी राहिले. "तुमचा समारंभ जेवणानंतर केला तर? दोन्हीकडचं जेवण एकत्र करू."

एक वयस्कर कामगार हसले. "चालंल की! लगीन आधी. आमी वाढायला लागतो."

घरगुती सोहळा वेगळा, कंपनीचा वेगळा, हे प्रकार मी पुढे इव्हेंट मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात शिकले. तेव्हा वाटलं होतं, कसंबसं निभावलं. आज वाटतं, हे काम मी खरं तर त्याच दिवशी शिकले.

त्या दुपारी पंगती उठल्यावर मुंडावळ्या बांधलेल्या नवरीनेच त्या वयस्कर कामगारांना पहिलं बक्षीस दिलं आणि अख्खं वऱ्हाड उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.